‘पुन्हा’ आणि ‘परत’ : एका इंग्रजी क्रियापदाची हकीकत



वैशाखातल्या संध्याकाळी, मोगऱ्याच्या वासात, श्रोत्यांपुढे काव्यशास्त्रविनोद मांडावा हे रीतीला धरून झाले. आम्ही मात्र तुमच्यापुढे एक रुक्ष इंग्रजी क्रियापद घेऊन उभे आहोत. ते क्रियापद म्हणजे ‘रीरेग्युलेट’. शब्द उच्चारतानाच दातांखाली खडा यावा तसे होते. परंतु याच शब्दापायी एका गृहस्थाचा बयाणा बुडाला, आणि त्याला कारण आमचीच लेखणी झाली, म्हणून आज ही कैफियत.

गोष्ट १९९२ सालच्या ऑक्टोबरातली. त्या वेळी आम्ही एका वृत्तपत्राच्या भाषांतराच्या मेजावर होतो. रात्री तारेवरून अमेरिकेची बातमी आली. तिच्यात होते की, तिथल्या काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून केबल-उद्योग ‘रीरेग्युलेट’ केला. पान बांधायला पंधरा मिनिटे राहिलेली. आम्ही मथळा दिला, ‘अमेरिकेत केबलवर पुन्हा निर्बंध’. खाली बातमीच्या चार ओळी, त्यांतल्या दोन जागेअभावी कापल्या. आपल्याकडे तेव्हा केबल नुकतीच घरोघर शिरत होती. आखाती युद्धाची दृश्ये लोकांनी आदल्याच वर्षी पाहिली होती, आणि गल्लीगल्लीत तरुण पोरे गच्चीवर तबकड्या लावून तारा ओढीत होती. आमच्या गावच्या अशाच एका केबलवाल्याने दुसऱ्या तबकडीसाठी बयाणा देऊन ठेवला होता. सकाळी त्याने मथळा वाचला. जे आज अमेरिकेत ते उद्या इथे, आता सरकार चित्रे बंद पाडणार, असा त्याने हिशेब केला आणि दुपारी तबकडी रद्द केली. बयाणा गेला. आठवड्याने तो आमच्याकडे आला, तो भांडायला नव्हे. त्याने एवढेच विचारले, “साहेब, तिकडे नेमके काय दाखवायला बंदी झाली?”

कशालाच बंदी झाली नव्हती. काँग्रेसचा मुख्य रोख कार्यक्रमांवर नव्हता, तो होता दरांवर. ग्राहकाकडून महिन्याला किती पैसे घ्यावेत हा मुख्य प्रश्न होता. आमच्या ‘निर्बंध’ या एका शब्दाने दराच्या बातमीची बंदीची बातमी केली.

आमचे चुकले कुठे, हे पाहण्यासाठी त्या क्रियापदाचे आधी पोट आणि मग शेपूट तपासू. शेपूट पुढच्या बाजूला आहे हा त्याचा दोष, आमचा नव्हे.

पोटात ‘रेग्युलेट’ आहे. मूळ लॅटिन शब्द ‘रेगुला’, म्हणजे सरळ काठी, रेघ आखण्याची पट्टी. इंग्रजीतले ‘रूल’, ‘रूलर’ हे याच काठीचे वंशज. आगगाडी जिच्यावरून धावते ती ‘रेल’देखील तिच्याच घराण्यातली. आमच्या वेळच्या मास्तरांच्या टेबलावर एक रूळ असे. त्याचे दोन उपयोग होते. वहीत रेघा आखणे हा एक, आणि मुलांच्या बोटांवर तो उतरवणे हा दुसरा. रूळ एकच, पण पहिल्या कामाला मराठीत नियमन म्हणावे आणि दुसऱ्याला निर्बंध. आपल्या डोक्यावर हा पंखा फिरतो आहे, त्याच्या रेग्युलेटरचे काम पंखा बंद करण्याचे नाही. बंद करायला बटण वेगळे असते. रेग्युलेटर वेग बेताचा ठेवतो. इंग्रजी क्रियापदाचा जीव या ‘बेताचा ठेवण्या’त आहे.

मग आमच्या हातून ‘निर्बंध’ का उतरला? घाई हे कारण खरेच, पण कानाचाही दोष होता. महाराष्ट्राच्या कानाला ‘रेग्युलेशन’ हा शब्द पहिल्यापासूनच बोटांवर बसणाऱ्या रुळासारखा ऐकू आलेला आहे. मुंबई इलाख्याची १८२७ सालची रेग्युलेशने ही एल्फिन्स्टनच्या काळची कायद्यांची घडी. तिच्यातल्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली १८९७ साली पुण्याच्या नातूबंधूंना चौकशी नाही, खटला नाही, असे उचलून स्थानबद्ध केले. ज्या शब्दाने घरातला माणूस उचलून नेला, त्या शब्दाचा अर्थ ‘पंख्याचा वेग बेताचा ठेवणे’ असा आहे, हे कोणाला पटावे? परक्या भाषेतून शब्द घेताना आपण कोशातला अर्थ घेतो असे आपल्याला वाटते. पुष्कळदा आपण आपला अनुभव घेतो.

आता शेपूट, म्हणजे तो ‘री’. खरी गुंतागुंत इथे आहे.

इंग्रजीत ‘री’ दोन प्रकारचा असतो, आणि तो कानाने ओळखता येतो. ‘रिकव्हर’ म्हणजे आजारातून उठणे. पण तोच ‘री’ लांबवून, सुटा पाडून ‘री-कव्हर’ म्हटले की अर्थ होतो खुर्चीला नवे कापड चढवणे. ‘रिफॉर्म’ म्हणजे सुधारणे आणि ‘री-फॉर्म’ म्हणजे विस्कटलेल्या पलटणीने फिरून रांग धरणे. ऱ्हस्व ‘रि’ शब्दात विरघळून गेलेला असतो. दीर्घ ‘री’ हा नुकताच बाहेरून येऊन दाराशी उभा राहिलेला असतो, आणि तो आल्या आल्या एकच गोष्ट सांगतो, की हे काम आणखी एकदा करावयाचे आहे. ‘रीरेग्युलेट’मधला ‘री’ दीर्घ आहे. म्हणूनच कित्येक जण, विशेषतः इंग्लंडातले, त्याच्यापुढे आडवी रेघ देतात. अमेरिकन लोक बहुधा ती रेघ वाचवतात.

पण ‘आणखी एकदा’ म्हणजे तरी काय? इथे आपली मराठी इंग्रजीपेक्षा जास्त चोख आहे, असे आमचे मत आहे. आपल्याकडे ‘पुन्हा’ आहे आणि ‘परत’ आहे. ‘त्याने पैसे परत दिले’ आणि ‘त्याने पैसे पुन्हा दिले’ या दोन वाक्यांत सावकार आणि कूळ यांच्याइतके अंतर आहे. पहिल्यात जे होते ते होते तिथे गेले. दुसऱ्यात तीच क्रिया नव्याने घडली. नोटा वेगळ्या, दिवस वेगळा, कदाचित घेणाराही वेगळा. अलीकडे बोलण्यात ‘परत’ हा शब्द ‘पुन्हा’चे काम बळकावू लागला आहे, ‘परत एकदा सांगा’ असे आपण सर्रास म्हणतो. तरीही पैशाच्या व्यवहारात आपण चुकत नाही. खिशाला व्याकरण लवकर समजते.

‘रीरेग्युलेट’ हे ‘पुन्हा’च्या कुळातले क्रियापद आहे, ‘परत’च्या नव्हे, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. परंतु वापरणारे, आणि भाषांतर करणारे तर हमखास, त्याला ‘परत’च्या पंक्तीला बसवतात.

हे आमचे नुसते मत नाही, त्या क्रियापदाचे कर्मच तसे सांगते. जुना नियम जसाच्या तसा आणावयाचा असेल तर इंग्रजीत ‘रीइन्स्टेट’ किंवा ‘रिस्टोअर’ म्हणतात, आणि त्यांचे कर्म असतो तो नियम. ‘रीरेग्युलेट’चे कर्म नियम नसतो, एखादा उद्योग, एखादा व्यवसाय, एखादी बाजारपेठ असते. नियम ‘रीइन्स्टेट’ होतो, धंदा ‘रीरेग्युलेट’ होतो. याचे उदाहरण अमेरिकेच्या बँकांचे घ्यावे. १९३३ साली ‘ग्लास-स्टीगल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ठेवी सांभाळणाऱ्या बँका आणि रोख्यांचा धंदा करणाऱ्या पेढ्या यांच्यामध्ये भिंत घातली. त्या भिंतीचा मुख्य भाग १९९९ साली पाडला. २००८ चा आर्थिक कोसळा झाल्यावर दोन मागण्या एकाच वेळी ऐकू येऊ लागल्या. काही म्हणाले, ग्लास-स्टीगल ‘रीइन्स्टेट’ करा. काही म्हणाले, पेढ्या ‘रीरेग्युलेट’ करा. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटावे. घडले असे की, पहिली मागणी मान्य झाली नाही, दुसरी झाली. २०१० सालचा ‘डॉड-फ्रँक’ कायदा आला. त्याने बँकांनी स्वतःच्या हिशेबावर सट्टा करण्याला आळा घातला, मोठ्या बँकांवर नव्या चाचण्या बसवल्या, ग्राहकांसाठी एक नवे खाते उघडले. जुनी भिंत मात्र उभी राहिली नाही. म्हणजे धंदा पुन्हा नियमाखाली आला, जुना नियम परत आला नाही.

आता आमच्या त्या केबलच्या बातमीकडे वळू. तिचे ऋण फेडल्याशिवाय सुटका नाही. १९८४ च्या पूर्वी अमेरिकेत केबलचा परवाना गावची नगरपालिका देई आणि दरांवरही बहुधा तीच नजर ठेवी. १९८४ च्या कायद्याने ती नजर बहुतेक ठिकाणी काढून घेतली, आणि १९८६ अखेरपासून कंपन्या दर ठरवायला मोकळ्या झाल्या. यालाच ‘डीरेग्युलेट’ करणे म्हणतात. अपेक्षा अशी की, स्पर्धा येईल आणि स्पर्धा दर बेताचे ठेवील. पण एका गावात दुसरी तार ओढायला कोणी येईना. एका घराच्या नळाला दोन पाणीपुरवठे कोण जोडतो? दर चढत गेले. मुक्ततेनंतर सरासरी दर महागाईच्या निर्देशांकाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने वाढले, असे खुद्द काँग्रेसने १९९२ च्या कायद्याच्या आरंभी लिहून ठेवले आहे. थोरल्या बुशसाहेबांनी त्या कायद्याला नकार दिला. ५ ऑक्टोबर १९९२ रोजी दोन्ही सभागृहांनी तो नकार मोडून काढला. त्यांच्या सबंध कारकिर्दीत मोडला गेलेला त्यांचा नकार हा एवढाच.

तेव्हा नगरपालिकांचा जुना अधिकार परत आला का? नाही. आता दराची मोजपट्टी वॉशिंग्टनमधल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने आखून द्यावयाची होती. नगरपालिकेच्या वाट्याला प्राथमिक संचापुरती अंमलबजावणी आली. आणि जिथे खरी स्पर्धा असेल तिथे नियमनच नाही, अशी सूटही ठेवली. पुढची गंमत अशी की, १९९३ साली कमिशनने दर उतरवण्याचे नियम काढले तेव्हा कंपन्यांनी वाहिन्यांचे संच उलटेसुलटे केले, आणि पुष्कळ ग्राहकांची बिले उतरण्याऐवजी चढली. १९९४ साली कमिशनला नियम आणखी आवळावे लागले. लगेच १९९६ साली नवा कायदा झाला आणि त्याने प्राथमिक संचापलीकडच्या दरांवरचे नियमन १९९९ च्या मार्चअखेरीस संपेल असे ठरवले. बारा-पंधरा वर्षांत ‘डी’, मग ‘री’, मग फिरून ‘डी’. शब्दाच्या पुढे उपसर्ग बदलत राहिले, आणि प्रत्येक वेळी पोटातला ‘रेग्युलेट’ थोडा थोडा वेगळा होत गेला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण व्याख्यान संपल्यावर कोणी तरी ती विचारणारच. ‘डीरेग्युलेट’ झाले म्हणजे रान मोकळे झाले, असे नसते. अमेरिकेने १९७८ साली विमानकंपन्यांचे भाडे आणि मार्ग मोकळे केले. पण विमान उडण्यालायक आहे की नाही, वैमानिकाने किती तास काम करावे, हे नियम होते तिथेच राहिले. तेव्हापासून दर काही वर्षांनी भाडी वाढली, कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, की ‘विमानसेवा रीरेग्युलेट करा’ असा गलबला उठतो. भाड्यांच्या बाबतीत ते आजवर झालेले नाही. या क्रियापदाची ही एक सवयच आहे. ते ‘केले’ या रूपात क्वचित भेटते. ‘करावे’, ‘करू नये’, ‘करण्याची धमकी’ याच रूपांत जास्त वावरते. लग्नापेक्षा वाटाघाटीतच ज्याचे वय गेले असा हा उपवर आहे.

इंग्लंडात मात्र अलीकडे ते एकदा बोहल्यावर चढले. लंडनबाहेरच्या बसगाड्या २६ ऑक्टोबर १९८६ पासून मोकळ्या झाल्या होत्या. कोणत्या रस्त्याने, किती वाजता, किती भाड्यात हे ज्याचे त्याने ठरवावे. मँचेस्टरच्या परिसरात २०२३ च्या सप्टेंबरात बोल्टन आणि विगन या भागांपासून सुरुवात करून २०२५ च्या जानेवारीत सगळ्या बस पुन्हा सार्वजनिक नियमनाखाली आल्या. गाड्या पिवळ्या रंगवल्या. मार्ग आणि भाडे प्राधिकरण ठरवते, पण गाड्या हाकतात खाजगी कंपन्या, ठेक्याने. १९८६ पूर्वीची व्यवस्था ही नव्हती.

एवढी परदेशची वाट तुडवण्याचे कारण नव्हते असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. आमच्या आजीला हे सगळे एका पत्त्यात, म्हणजे रेशनकार्डात, कळले होते. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झाले आणि ‘कंट्रोल’ हा शब्द मराठी झाला. आजही पुष्कळ घरांत धान्याच्या त्या दुकानाला कंट्रोलचे दुकानच म्हणतात. १९४७ च्या अखेरीस गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभांतून कंट्रोल उठवा असा आग्रह धरला. कंट्रोलने लबाडी आणि काळा बाजार वाढतो, माणूस परावलंबी होतो, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबरपासून सरकारने टप्प्याटप्प्याने तो उठवायला आरंभ केला. साखर सुटली, धान्य सुटले, मग कापड सुटले. भाव असे उसळले की, १९४८ च्या उत्तरार्धात आधी कापडावर आणि नंतर धान्यावर कंट्रोल पुन्हा बसवावा लागला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला ‘रीकंट्रोल’ म्हटले. ‘रीरेग्युलेट’चा हा थोरला भाऊ आपल्याच अंगणात वाढलेला आहे. पुढे रफी अहमद किडवई अन्नमंत्री झाले आणि १९५४ पर्यंत त्यांनी धान्यावरचा कंट्रोल फिरून सोडला. त्या वेळी पिके चांगली होती, म्हणून तो सुटला आणि सुटलेला टिकलाही.

तर आजीची गोष्ट. कंट्रोल उठला तेव्हा आमच्या आजीने जुने रेशनकार्ड फाडले नाही, चूलही पेटवली नाही त्याने. तांदळाच्या डब्यात तळाशी घालून ठेवले. शेजारणी हसल्या. वर्ष सरायच्या आत कंट्रोलची दवंडी झाली तेव्हा आजी ते कार्ड घेऊन ऐटीत दुकानात गेली. दुकानदाराने कार्ड उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, “आजीबाई, हे चालायचे नाही. नवे काढून आणा. तुमच्या घरची माणसेही बदलली की यात!” बदलली होतीच. दरम्यान एक काका नोकरीला दूर गेले होते आणि आमच्या आत्याचे लग्न झाले होते. आजी घरी येऊन म्हणाली, “कंट्रोल पुन्हा आलाय, पण तो परत नाही आलेला.” हे वाक्य आमच्या वडिलांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवले आहे की, कोशकारापुढे साक्षीला उभे करावे.

आता प्रश्न उरतो मराठी शब्दाचा. ‘पुनर्नियमन करणे’ हा आम्हाला बरा वाटतो. ‘पुनर्’ या उपसर्गात हा नवेपणा आपल्याकडे मुरलेला आहे. पुनर्जन्म म्हणजे जुने शरीर परत मिळणे नव्हे. पुनर्विवाहाचा १८५६ चा कायदा झाला तेव्हा सनातन्यांनी पुष्कळ शंका काढल्या, पण बाई जुन्याच नवऱ्याशी लग्न लावणार की काय, ही शंका कोणी काढली नाही! उलट जिथे जुनेच उभे करावयाचे तिथे आपण ‘जीर्णोद्धार’ म्हणतो, ‘पूर्ववत्’ म्हणतो. ते शब्द ‘रीइन्स्टेट’साठी राखून ठेवावेत.

सरकारी परिभाषेतला ‘विनियमन’ हा शब्द मात्र जपून वापरावा. तिथे विनियमन म्हणजे नियमनच, आणि विनियंत्रण म्हणजे नियंत्रण उठवणे. एकाच ‘वि’ने एका शब्दात ‘विशेष’चा ‘वि’ व्हायचे आणि दुसऱ्यात ‘विफल’चा ‘वि’ व्हायचे, हा वाचकावर अन्याय आहे. त्याच्या डोक्यावर ‘पुनर्’ ठेवून ‘पुनर्विनियमन’ केले तर वाचणाऱ्याला नियम आले की गेले हेच समजणार नाही.

आणि ‘पुन्हा निर्बंध लादले’ हा वाक्प्रचार? तो चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला नियमन नको आहे त्याचा तो शब्द आहे, आणि त्याला तो वापरण्याचा हक्क आहे. केबल-कंपन्यांनी तो खुशाल वापरावा. पण बातमी देणाऱ्याने तो वापरला की त्याने कंपनीची बाजू घेतली असे होते, मग त्याच्या मनात ती असो वा नसो. तसेच दुसऱ्या बाजूने ‘शिस्त लावली’ असे लिहिले की त्याने सरकारची बाजू घेतली. आम्ही त्या रात्री कोणाचीही बाजू घ्यावयाची नाही अशा समजुतीने एका बाजूला जाऊन बसलो होतो.

त्या केबलवाल्याला आम्ही हे सगळे तेव्हा सांगू शकलो नाही, कारण तेव्हा आम्हालाच ते उमजले नव्हते. दरांची बातमी होती एवढे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याचे भयही अगदीच वेडे नव्हते. १९९५ साली आपल्याकडे केबलच्या रेग्युलेशनचा कायदा झाला आणि त्यात कार्यक्रमांची संहिताही आली. ते पहिलेच नियमन, त्याला ‘री’ लागण्याचा प्रश्न नव्हता. पण १९९२ च्या त्या दिवशी तो आमच्या मेजापाशी उभा होता, आणि त्याला आपल्या बयाण्याचा हिशेब लावायचा होता. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे तिकडे सरकारने बिलावर नजर ठेवली. मग साहेब, ‘अमेरिकेत केबलच्या दरांवर पुन्हा सरकारची नजर’ असे छापले असते तर?”

आम्ही बोटांवर अक्षरे मोजली. मथळा दोन ओळींत बसत होता.